गरिबीची मोजणी आणि विषमतेची समज

(अकोला येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



वऱ्हाडात दारिद्र्याचा विषय निघाला की बोलणे कापसापासून सुरू होते, आणि ते योग्यच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचे मोल आले. अमरावती, अकोला, खामगाव येथील बाजार फुलले. पुढे ३५ वर्षांनी, १८९९-१९०० च्या दुष्काळात, याच प्रदेशात माणसे अन्नावाचून मेली. कापसाचा बाजार श्रीमंत झाला. कापूस पिकविणारा आणि वेचणारा माणूस झाला नाही.

हा इतिहास कार्यकर्त्यांना पाठ आहे. परंतु तेवढ्याने विषमता समजली असे म्हणता येईल काय?

गरिबी मोजण्याचे मोठे काम महाराष्ट्रातील अभ्यासकांनीच केले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली, रोज २,२५० उष्मांक देणारा आहार परवडेल एवढा खर्च ही किमान पातळी धरली आणि देशातील कोट्यवधी माणसे तिच्याही खाली आहेत हे दाखवून दिले. या मोजणीचे महत्त्व मोठे आहे. मात्र रेषेखालील सर्व माणसे एकाच कारणाने तेथे लोटली गेलेली नसतात आणि रेषा ओलांडल्याने सर्वांची बंधने सारखीच तुटत नाहीत. समाजशास्त्राचे काम येथून सुरू होते. मार्क्सने विचारले, उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची? मॅक्स वेबरने संपत्तीबरोबरच प्रतिष्ठा आणि सत्ता यांचा वेगळा हिशेब मांडला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली दाखविले की, जातिव्यवस्था श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी करते आणि त्यांना एकाखाली एक रचते.

हे तिन्ही हिशेब वऱ्हाडातच ताडून पाहता येतात. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेश मिळावा यासाठी अस्पृश्यांची चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख त्या चळवळीत उतरले आणि नोव्हेंबरमध्ये अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी स्वीकारले. ही मागणी मजुरीवाढीची नव्हती. माणूस म्हणून उंबरठा ओलांडण्याची होती. १९७४ साली अकोला जिल्ह्यातील धाकली गावी, घरातील मुलीवरील अन्यायाचा जाब विचारणाऱ्या दोन दलित भावांचे डोळे काढण्यात आले. उष्मांकांच्या कोणत्या कोष्टकात ही घटना बसते? गरिबी होतीच, पण त्या भावांना शिक्षा मिळाली ती गरिबीबद्दल नव्हे, जाब विचारल्याबद्दल.

मोजणीच्या चौकटीतून माणसे कशी निसटतात, याचेही उदाहरण जवळच आहे. २००६ साली केंद्राने अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्याच वर्षी राज्य शासनाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला १ लाख रुपयांच्या मदतीचे निकष ठरविले. जमीन नावावर हवी. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. मक्त्याने जमीन करणारा भूमिहीन, उसनवारीत बुडालेला माणूस आणि शेतमजूर या व्याख्येबाहेर राहिले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातही शेतमजुरांच्या आत्महत्यांची वेगळी नोंद २०१४ पासूनच दिसू लागली. ज्याचा सातबारा नाही, त्याचे मरणही शेतीतले मरण ठरत नव्हते. आणि कापूस वेचणाऱ्या बाईचे काय? वेचणीचे काम प्रामुख्याने बायाच करतात, मजुरी किलोवर मिळते, आणि घरची जमीन असली तरी ती बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते.

जातीचा आणि स्त्रीचा प्रश्न काढला की कष्टकऱ्यांची एकजूट फुटते, असा आक्षेप चळवळीतूनच घेतला जातो. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. भाव पडला की कोरडवाहू शेतकऱ्याला मजुरी वाढवून देणे जड जाते, आणि मजुराची चूल तर त्या मजुरीवरच पेटते. दोघांनाही लुटणारा बाजार एकच आहे. तरीही ते एकत्र येत नाहीत, कारण गावाने त्यांच्यामध्ये भिंत आधीच घातलेली आहे. भिंतीचे नाव घेतल्याने ती उभी राहत नाही. न घेतल्याने मात्र ती टिकते.

कायद्याने काय साधते हे रोजगार हमीने दाखविले. १९७७ साली महाराष्ट्राने हा कायदा केला, मागेल त्याला काम आणि स्त्री-पुरुषांना सारखा दर हे तत्त्व मान्य केले. बाईच्या श्रमाला पुरुषाच्या श्रमाइतकाच दर लागतो, हे सरकारी कागदावर आले. पण तो कागद बांधावर लागू करून घेणे, हे संघटनेचेच काम राहिले.

म्हणून कार्यकर्त्याने गावात गेल्यावर गरीब किती, एवढेच विचारून परतू नये. जमीन कोणाच्या नावावर, मक्त्याने कोण करतो, बाईला आणि गड्याला रोज किती, पाणी कोण कोठून भरतो, ग्रामसभेत कोण बोलतो आणि कोण दाराशी उभा राहतो, हेही लिहून आणावे. या नोंदींतून जी विषमता दिसेल तिच्यावरच लढ्याचा कार्यक्रम उभा राहील. सर्वांना सरसकट गरीब म्हणणे सोपे आहे. पण त्या सरसकटपणात सर्वांत खालच्या माणसाचा आवाज पुन्हा एकदा दडपला जातो.