परिचारिकेची वरची पदवी आणि तिचा अधिकार
(बारामती व इंदापूर तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांसमोर दिलेले भाषण)



आपल्या अनेक घरांत आज मुलगी किंवा सून परिचारिका आहे. रात्रपाळ्या करून तिने धाकट्या भावंडांची शिक्षणे पार पाडली, हे मी वकिलीच्या निमित्ताने पाहत आलो आहे. आता तीच वडिलांना विचारते, ‘मी पुढे शिकू का?’ त्यावर आपण फीचा हिशेब करतो, लग्नाचे वय मोजतो. परंतु या पदवीने कायद्याने तिला काय करता येईल, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

शिकावे की नाही, याविषयी माझ्या मनात शंका नाही. बी.एस्सी. नर्सिंगनंतर एक वर्षाचा अनुभव घेऊन दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. जी.एन.एम. झालेल्या मुलीस आधी दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावी लागते. याखेरीज भारतीय परिचर्या परिषदेने ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर क्रम आखला आहे. त्यातील बहुतेक काळ वर्गात जात नाही, अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी जातो. बारामतीस २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा अनुभवासाठी प्रत्येकीने पुणेच गाठले पाहिजे असेही आता नाही.

नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली लॉरेटा फोर्ड व डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी प्रथम अमलात आणली. डॉक्टर नसलेल्या भागांतील मुलांना सुशिक्षित परिचारिकेने तपासावे, हा तिचा हेतू होता. पुढे तेथील राज्यांनी कायदे करून तिला औषध लिहून देण्याचा अधिकार दिला. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात हे नाव आले खरे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. पदवी विद्यापीठ देते, अधिकार कायदा देतो. या दोहोंतील अंतर ज्या मुलीस ठाऊक नसते, तीच अडचणीत सापडते.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या एका होमिओपॅथी डॉक्टराचे प्रकरण आले. त्याने तापाच्या रुग्णास ॲलोपॅथीची औषधे दिली व पुढे रुग्ण दगावला. ज्या पद्धतीची नोंदणी नाही तिचा उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय, त्यास निराळा पुरावा नको, असे न्यायालयाने ठरविले. खाजगी दवाखान्याचा मालक जेव्हा म्हणतो, ‘सिस्टर, तुम्ही एम.एस्सी. आहात, औषध तुम्हीच लिहा,’ तेव्हा हा निकाल आठवावा. अशा वेळी डॉक्टराचा लेखी आदेश मागणे हा उद्धटपणा नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचे कलम ३२ अवश्य वाचा. समुदाय आरोग्य सेवकास मर्यादित परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांपुरती ठरावीक औषधे त्याने स्वतः द्यावीत, त्यापलीकडे नोंदणीकृत डॉक्टराच्या देखरेखीखाली, अशी ती मर्यादा आहे. तसेच २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी परिचारिकेस अठरा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन नैसर्गिक बाळंतपणाची जबाबदारी तिच्याकडे सोपविण्याचा मार्ग काढला आहे. भिगवण किंवा पळसदेवच्या बाईस रात्री कळा सुरू झाल्या म्हणजे अशा परिचारिकेचे मोल काय, हे मी आपणांस सांगावयास नको. माझ्या मते आपल्या तालुक्यांस सर्वांत उपयुक्त शिक्षण हेच आहे.

आता कागदांविषयी थोडेसे. कारण नव्याने धम्म स्वीकारलेल्या घरांत येथेच घोळ होतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. धर्मांतराने सवलत जाते, ही भीती म्हणून निराधार आहे. मात्र दाखल्यावर मूळ जातीची नोंद लागते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा महसुली वा शाळेचा पुरावा आजोबांच्या नावाने शोधून ठेवा. प्रांताधिकाऱ्यांचा दाखला मिळाला म्हणजे काम संपले असे समजू नका. राखीव जागेसाठी पुण्याच्या पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र निराळे लागते, आणि २००१ च्या राज्य कायद्याच्या कलम ८ अन्वये सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच आहे.

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. व्यवस्थापन कोट्यातील जागेस ती मिळत नाही. दलाल ‘जागा पक्की’ म्हणून पैसे मागतो, तेव्हा ती जागा कोणत्या कोट्यातील आहे हे त्याच्याकडून लिहून घ्या. महाविद्यालयास परिषदेची त्या विशिष्ट क्रमासाठी मान्यता आहे काय, हेही फी भरण्यापूर्वी पाहा. सभा संपल्यावर मी येथेच बसणार आहे. ज्यांनी मुलींचे शाळा सोडल्याचे दाखले सोबत आणले असतील, त्यांनी ते दाखवावेत.