ओतँची ईव्ह



आज पडद्यावर चित्र दाखवायची सोय नाही, तेव्हा माप हातानेच दाखवतो. लांबी एवढी, सुमारे 130 सेंटिमीटर; उंची जेमतेम 70. चुनखडीचा हा दगड 1856 साली फ्रान्समधल्या ओतँ गावात एक घर पाडताना सापडला. घर बांधणाऱ्याला दगड चांगला घडीव वाटला असणार. त्यावर कोण कोरलंय, याच्याशी त्याला काय देणंघेणं?

कोरली होती ईव्ह. मराठी बायबलातली हव्वा. सुमारे 1130 साली ती ओतँच्या सँ लाझार कॅथीड्रलच्या उत्तर दारावर, चौकटीवरच्या आडव्या शिळेत बसवलेली होती. अशी शिळा लांबीला भरपूर, उंचीला कमी. तिच्यात उभी बाई कोरायची तर ती खुजीच व्हायची. शिल्पकाराने तिला सरळ आडवी केली. कोपर आणि गुडघा जमिनीला टेकलेले, बाकीचं अंग झाडोऱ्यातून पोहत चालल्यासारखं. ही तर सापासारखीच सरपटतेय, हे पाहणाऱ्याच्या मागाहून लक्षात येतं. जागेच्या अडचणीतून एवढा अर्थ काढणारा माणूस साधा पाथरवट नव्हे.

आता हात पाहा. उजवा गालाशी आहे, पलीकडच्या कुणाच्या तरी कानात कुजबुजावं तसा. डावा मागे गेलाय आणि त्याने फळ पकडलंय. पण तिची नजर तिकडे नाही! साय चोरणारं पोरही असंच भलतीकडे बघतं. फळाची फांदी एक नखांचा पंजा खाली वाकवून देतोय. तो सैतानाचा, बाकीचा सैतान तुटून गेला. ज्याच्याशी कुजबुज चाललीय तो अ‍ॅडमही नाही.

गालावरचा हात ही मध्ययुगीन शिल्पात दुःखाची खूणही असते, म्हणून काही अभ्यासक तिला पश्चात्तापदग्ध मानतात. मला दोन्ही अर्थ एकाच हातात दिसतात. सांगता सांगताच ती पस्तावतेय.

ईव्हचं हे उत्तर दार 1766 मध्ये मोडलं गेलं. त्याच वर्षी पश्चिम दारावरचा अंतिम न्यायाचा भव्य शिल्पपटही तिथल्या धर्मगुरूंना ओबडधोबड वाटला आणि त्यांनी तो गिलाव्याखाली बुजवला. ख्रिस्ताचं डोकं गिलाव्याबाहेर येत होतं, ते उडवलं. पुढे राज्यक्रांतीत फ्रान्सभर शिल्पं फुटली. हा पट मात्र गिलाव्याआड सुखरूप राहिला. 1837 मध्ये गिलावा काढला, डोकं 1948 मध्ये परत बसवलं. नावड कधीकधी अशी कामाला येते.

त्या पटावर ख्रिस्ताच्या पायाखाली लॅटिनमध्ये कोरलंय : गिस्लेबेर्तुसने हे केलं. ईव्हही त्याचीच, असं मानतात. लिंडा सायडेल या अभ्यासिकेने 1999 मध्ये शंका काढली, की हे नाव शिल्पकाराचं नसून जुन्या आश्रयदात्याचं असावं. वाद चालू द्या. नाव कुणाचंही असो, तो डावा हात कोरणारा माणूस एकच होता.

ईव्ह आता ओतँच्याच रोलँ संग्रहालयाची आहे. अ‍ॅडमचा दगड अजून सापडलेला नाही.