निरोगी मुलांच्या नाकातील जंतू आणि तिसरी मात्रा



पोशीर हे कर्जत तालुक्यातील नदीकाठचे गाव. येथील अंगणवाडीत खेळणारी मुले निरोगी दिसतात आणि ती निरोगी असतातही. तथापि अशा कोणत्याही गावातील मुलांच्या नाक-घशाची तपासणी केली, तर काही मुलांमध्ये न्यूमोकॉकस हे जंतू आढळण्याचा मोठा संभव असतो. न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि कानाचा दाह हे विकार याच जंतूंमुळे होऊ शकतात. बहुतेक मुलांना त्यांचा काहीच त्रास होत नाही. काही आठवडे मुक्काम करून ते निघून जातात. अशा मुलाला निरोगी वाहक म्हणतात.

ही गोष्ट नवी नाही. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी या जंतूंचे वर्णन एकमेकांपासून स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. स्टर्नबर्ग यांनी स्वतःची लाळ सशांना टोचली असता ते मरण पावले. स्टर्नबर्ग मात्र ठणठणीत होते. रोगाचे बीज निरोगी माणसाच्या तोंडातही असू शकते, हे त्यावरून दिसून आले.

या जंतूंविरुद्धची पीसीव्ही लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये तिचा देशभर विस्तार झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली स्वदेशी लस २०२० च्या अखेरीस उपलब्ध झाली. बाळाला ही लस सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात, अशी तीन वेळा विनामूल्य दिली जाते.

लस दिल्यानंतरही मुलाच्या नाकात जंतू सापडतात. मग लस वाया गेली काय, असा प्रश्न सहजच उपस्थित होतो. त्याचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. न्यूमोकॉकसचे सुमारे शंभर प्रकार ज्ञात आहेत. पुण्याची लस त्यांपैकी दहा महत्त्वाच्या प्रकारांविरुद्ध संरक्षण देते. लसीतील प्रकार नाकातून हटले की रिकाम्या जागी बहुधा दुसरे प्रकार येऊन वसतात. म्हणून वाहक मुलांची एकूण संख्या फारशी घटली नाही, तरी अधिक घातक प्रकार मागे हटतात. दुसरे असे की, लसीचा पहिला पहारा रक्तावर आणि फुप्फुसांवर असतो. नाकातील संरक्षण त्यामानाने तोकडे पडते.

तरीही नाकातील हा बदल फार मोलाचा आहे. लहान मुले हीच या जंतूंच्या प्रसाराची मुख्य वाट होय. अमेरिकेत २००० मध्ये बालकांना ही लस देणे सुरू झाल्यावर, लस न घेतलेल्या प्रौढांमधील व वृद्धांमधील गंभीर आजारही घटले. नातवाला दिलेल्या लसीने आजीचेही रक्षण झाले. मात्र काही वर्षांत लसीबाहेरचा एक प्रकार तेथे वाढू लागला. त्यामुळे २०१० मध्ये अधिक प्रकारांचा समावेश असलेली लस आणावी लागली.

घटसर्पाची गोष्ट काहीशी निराळी आहे. त्याची लस जंतूंच्या विषाला निष्प्रभ करते; जंतू मात्र लस घेतलेल्या मुलाच्या घशातही राहू शकतात. ते मूल सुरक्षित असते, पण शेजारी बसलेले लस न घेतलेले मूल धोक्यात येते. यास्तव वर्गातील बहुतेक मुलांचे लसीकरण झाले आहे, एवढ्यावर शिक्षकांनी समाधान मानू नये.

पीसीव्हीच्या पहिल्या दोन मात्रा पाया घालतात. तिसरी मात्रा ते संरक्षण बळकट करते व दुसऱ्या वर्षात टिकवते, आणि याच वयात मूल घराबाहेर पडून इतर मुलांत मिसळू लागते. नेमकी हीच मात्रा कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांत हुकण्याचा धोका अधिक. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या बाळाची पहिली मात्रा सप्टेंबरअखेर व दुसरी नोव्हेंबरात येते. तिसरी येते मे महिन्यात, म्हणजे कुटुंब भट्टीवर असताना. गोवर-रुबेलाची पहिली मात्राही त्याच वेळची असते. एक भेट चुकली की दोन संरक्षणे हुकतात.

यावर उपाय गावाच्या हाती आहे. कुटुंब निघण्यापूर्वी आशा व अंगणवाडी सेविका यांनी त्याची नोंद घ्यावी. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत दिले आहे याची खात्री करावी आणि पुढील मात्रेची तारीख आईला नीट समजावून सांगावी. ही लस कोणत्याही गावच्या सरकारी केंद्रावर मिळते, हेही तिला सांगावे. ज्या पंचायतीच्या हद्दीत भट्ट्या आहेत, तिने तेथील बालकांना आपलीच मानावे. परतलेल्या मुलांच्या राहिलेल्या मात्रा आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने पूर्ण करून घ्याव्यात.

आणखी एक सावधगिरी हवी. निरोगी मुलाच्या नाकात जंतू असू शकतात म्हणून त्याला प्रतिजैविके देऊ नयेत. त्यामुळे औषधाला न जुमानणारे जंतू शिल्लक राहतात. मात्र खोकला असलेल्या मुलाचा श्वास जलद चालू लागला, तर क्षणाचाही विलंब नको. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बालकात मिनिटाला पन्नास, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस किंवा अधिक श्वास ही धोक्याची खूण होय. छाती आत ओढली जात असेल, तर त्वरित रुग्णालय गाठावे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या प्रयोगात गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी न्यूमोनिया ओळखून उपचार केले. तेथील बालकांचे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी आढळले, हे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

लस, वेळेवर उपचार, सकस आहार आणि धूरमुक्त चूल ही सारी एकाच संरक्षणाची अंगे आहेत. नाकातील जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु कार्डावरील तिसऱ्या मात्रेचा रिकामा चौकोन कोणालाही दिसतो. तो भरून घेणे हे पंचायत, शाळा आणि आरोग्य केंद्र यांचे समाईक कर्तव्य आहे.