आपल्याच कातड्याने बुजते जखम



थ्रेशरमध्ये हात जातो, मोटारसायकलच्या चाकात पाय अडकतो. कधी कातडं आणि मांस निघून हाड उघडं पडतं. मग डॉक्टर म्हणतात, "मांडीचं कातडं काढून इथे लावावं लागेल." घरचे घाबरतात. एक जखम असताना दुसरी कशाला करायची, म्हणतात. आमच्या गटातल्या एका ताईंच्या पायावरून घरात आठ दिवस हीच चर्चा चालली. तोवर जखमेत पू झाला.

पण हा इलाज काही आजकालचा नाही. कावसजी नावाचा एक मराठा माणूस इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेतलं, ते कपाळावर ठेवून रेघ ओढली आणि तेवढं कातडं सोडवून खाली फिरवलं. दोन डोळ्यांच्या मधली एक पट्टी मात्र तोडली नाही. वरून काताचा लेप दिला. हा कात म्हणजे आपण विड्यात खातो तोच, खैराचा. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला ती पट्टी कापली. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आली. त्या कारागिराचं नाव मात्र त्यात नाही. पुढे १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या डॉक्टरने तिकडे याच रीतीने नाक केलं.

ती पट्टी का ठेवली? तिच्यातून कातड्याला रक्त मिळत होतं. मिरचीचं रोप ओल्या मातीत लावलं तर धरतं, खडकावर सुकतं. नुसतं पातळ कातडंही तसंच आहे. खाली चांगलं मांस असेल तर ते धरतं, उघड्या हाडावर धरत नाही. तिथे रक्तवाहिनीसकट उचललेलं कातडं लागतं. त्याला डॉक्टर 'फ्लॅप' म्हणतात. लांबून आणलेल्या फ्लॅपची बारीक रक्तवाहिनी जखमेजवळच्या रक्तवाहिनीला दुर्बिणीखाली जोडतात, ठिबकची नळी मेन लाईनला जोडावी तशी. फ्लॅप पातळ असला तर पाऊल चपलेत मावतं, बोटं वळतात. मांडीवरची जागा टाके घालून किंवा पातळ कातडं लावून बंद करतात.

ऑपरेशननंतर पेशंटजवळ बसणाऱ्या बाईचं काम मोठं आहे. फ्लॅप पांढरा पडला तर रक्त पोचत नाही. निळा-जांभळा झाला तर रक्त आत अडकलंय. दोन्ही वेळा सकाळची वाट पाहू नका, तेव्हाच सिस्टरला उठवा. त्यावर दाब येऊ देऊ नका. विडी, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद, कारण त्याने रक्तवाहिन्या आखडतात. नव्या कातड्याला चटका लवकर कळत नाही, म्हणून घरी आल्यावर चुलीपाशी जपा. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सोडू नका.

आणि आधीचं काम आपल्या सगळ्यांचं. जखमेवर हळद, राख, तंबाखू भरू नका. स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. प्लास्टिक सर्जरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या, आपलं ऑपरेशन त्यात बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

त्या ताईंना शेवटी गटाने गाडीभाडं उसनं दिलं. ऑपरेशन झालं. आता त्या चपला घालून आठवडे बाजाराला येतात आणि हप्ताही वेळेवर भरतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून मोठा दवाखाना लांब पडतो, बायांनो. म्हणून पुढच्या बैठकीत एक ठराव घ्या: गटाच्या पैशातली थोडी रक्कम अशा भाड्यासाठी बाजूला राहील. जखम बैठकीची तारीख पाहून होत नाही.