कोरडी भाकरी आणि औषधाची मात्रा



ज्या मुंबईत १९३३ साली विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, त्या नगरीत आपले स्वागत करण्याचा मान स्वागतसमितीने मजकडे सोपविला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

पाण्याशी फटकून वागणाऱ्या औषधांशी माझी पहिली गाठ औषधांच्या दुकानात पडली. गजकर्णावर ग्रिझिओफुल्विन घेणारा एक गिरणी कामगार, दीड महिना उलटूनही चट्टे जैसे थे असल्याची तक्रार घेऊन आला, तेव्हा मी त्याला जेवण विचारले: ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि तेलतूप सणावारी. हे औषध लिटरभर पाण्यात जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळते. म्हणजे ५०० मिलिग्रॅमची रोजची मात्रा पुरती विरघळायला सुमारे ५० लिटर, चार घागरी पाणी लागेल. स्निग्ध जेवणाबरोबर मात्र तेच औषध अधिक शोषले जाते, कारण स्निग्धांश आतड्यात उतरताच पित्ताशय आकुंचन पावते, पित्तक्षार आणि लेसिथिन मिळून काही नॅनोमीटर व्यासाचे पुंजके, म्हणजे मिसेल, रचतात, आणि ज्यांचे बाह्यांग पाण्याशी व गाभा तेलाशी सख्य राखतो अशा त्या पुंजक्यांत बसून औषध आतड्याच्या भिंतीलगतच्या स्थिर जलथरापार पोचते. आयुर्वेदाने अनुपान म्हणून तुपाला मान दिला, तो मला या संदर्भात नेहमी आठवतो. परंतु ज्याच्या ताटात तूपच नाही, त्याच्या मात्रेचे काय? मिसेलचे ते वाहन औषधाबरोबरच दिले पाहिजे, हीच माझी औषधे विरघळविण्याच्या शास्त्राकडे मागणी आहे. आणि ती अशक्यप्राय नाही, कारण ज्या मुलांच्या आतड्यात पित्त नीट उतरतच नाही, त्यांना ई जीवनसत्त्वाचे, पाण्यात आपणहून मिसेल रचणारे संयुग देता आले आहे.

मात्र बीकरातील निवळशंख द्रावणावर विसंबण्याची मुभा आपणास नाही. जठरातील द्रवाने मिसेल विरल झाले, त्यांच्या निर्मितीला लागणाऱ्या किमान संहतीखाली गेले, की ते मोडतात आणि औषधाचा साका खाली बसतो. उलट गाभ्याने औषध फार घट्ट धरून ठेवले, तर विद्राव्यता वाढूनही भिंतीपार जाणारा मोकळा अंश घटतो. म्हणून विद्राव्यतेच्या आकड्याशेजारी रक्तात उतरलेल्या औषधाचा आकडाही आपल्या निबंधांत असावा, आणि परीक्षा जेवलेल्या तशाच उपाशी माणसांवरही व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.