एका गावाची तीन नावं

युरोपहून परतलेला माणूस आयफेल टॉवर आणि बर्फाचे डोंगर यांच्याविषयी सांगू लागतो. मी त्यातलं काहीच पाहिलं नाही. मी सांगणार आहे ते रस्त्यावरच्या पाट्यांविषयी, आणि माझ्या सात वर्षांच्या नातवाविषयी.

मुलगा जर्मनीत कोलोनला नोकरी करतो. 2023 च्या जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. चार दिवसांची सुटी काढून त्यानं गाडीनं फिरायचा बेत आखला. नेदरलँड्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि फ्रान्सचं एक टोक. सूनबाईंनी मेथीचे पराठे, लिंबाचं लोणचं आणि चहाचा थर्मास बरोबर घेतला.

निघताना मात्र माझं बिनसलं होतं. नातवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते जर्मनमध्ये. त्या सकाळी त्यानं लाडू मागितला, तोही जर्मनमध्येच. मी डबा मागे ओढला आणि म्हटलं, "मराठीत माग, तर देईन." तो काही न बोलता उठून गेला. गाडीत माझ्याच शेजारी बसला, पण तोंड खिडकीकडे. हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प बसलो.

आखेन शहराच्या बाहेर एक टेकडी आहे. उंची जेमतेम 322 मीटर, पण तिच्या माथ्यावर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तिन्ही देशांच्या सीमा एका दगडापाशी मिळतात. 1816 पासून 1920 पर्यंत इथं मोरेनेट नावाचा आणखी एक चिमुकला, तटस्थ प्रदेश होता. 1908 मध्ये तिथल्या काही मंडळींनी एस्पेरांतो या कृत्रिम भाषेचं राज्य उभारायचा घाट घातला होता. म्हणजे भांडणच नको, सगळ्यांनी नवीच भाषा शिकायची! ते राज्य काही उभं राहिलं नाही. लोक आपापल्या भाषा बोलत राहिले.

तिथून मास्ट्रिख्टला आलो. पुढचं मोठं शहर लिएज, अंतर तीसेक किलोमीटर. नेमका मुलाचा मोबाईल बंद पडला. मुलगा म्हणाला, "बाबा, पाट्या बघा, लिएज दिसलं की सांगा." मी चष्मा सावरून बसलो. पाट्यांवर लिएज कुठंच नाही. दर पाटीवर 'लुइक' असं काहीतरी लिहिलेलं. "आपण चुकलो," मी जाहीर केलं. मुलगा गाडी वळवण्याच्या विचारात, सूनबाई नकाशा उलगडताहेत, आणि मागून बारीक आवाज आला. नातू जर्मनमध्ये काहीतरी म्हणाला. सूनबाई हसू लागल्या. "तो म्हणतोय, लुइक म्हणजेच ल्युटिश, आणि ल्युटिश म्हणजेच लिएज. शाळेत सांगितलंय."

खरंच होतं ते. डच लोक त्या शहराला एका नावानं ओळखतात, जर्मन दुसऱ्या, आणि तिथले फ्रेंच बोलणारे रहिवासी तिसऱ्या. बेल्जियममध्ये डच, फ्रेंच आणि जर्मन या तिन्ही राजभाषा आहेत, पण प्रत्येक भागाची भाषा कायद्यानं ठरलेली. पाटीवर त्या भागाचीच भाषा. त्यामुळे सीमा ओलांडल्यावर थोड्याच वेळात तेच गाव 'लिएज' होऊन समोर आलं. गाव एकच, आम्हीच घाबरलो होतो.

रात्री लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीकाठी एका छोट्या लॉजमध्ये उतरलो. मालकीणबाई मुलाशी एका भाषेत बोलत होत्या, आमच्याशी जर्मनमध्ये, आणि पावती दिली ती फ्रेंचमध्ये. घरातली ती भाषा म्हणजे लक्झेंबर्गी. नदीपलीकडच्या जर्मन खेड्यांतली बोलीही तिच्याशी अगदी मिळतीजुळती. त्यामुळे कित्येक वर्षं तिला जर्मनची एक बोली म्हणूनच धरत. 1984 मध्ये कायदा झाला आणि ती राष्ट्रभाषा ठरली. शाळेत मुलं परंपरेनं पहिली अक्षरं जर्मनमध्ये गिरवत आली, कायदे लिहिले जातात फ्रेंचमध्ये, आणि आईशी बोलायचं ते लक्झेंबर्गीत. बाईंना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मला मात्र त्या रात्री झोप लागेना. मी कुडाळजवळच्या खेड्यातला. दहाव्या वर्षी मुंबईच्या शाळेत आलो. पहिल्याच दिवशी बाईंना म्हटलं, "माका कळूक नाय." सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी मालवणी तोंडातून काढली नाही. आई शेवटपर्यंत माझ्याशी मालवणीतच बोलली, आणि मी तिला पुस्तकी मराठीत उत्तरं देत राहिलो. चाळीस वर्षं! एकदा मावशीनं तिला त्यावरून छेडलं, तर म्हणाली, "तेका माझा बोलणा कळता मां? मगे झाला." तिनं कधी लाडवाचा डबा मागे ओढला नाही.

दुसऱ्या दिवशी शेंगेन गावात गेलो. 14 जून 1985 रोजी पाच देशांनी इथं नदीत उभ्या असलेल्या बोटीवर करार केला, आणि त्यातून पुढे सीमेवरची तपासणी उठली. पुलापलीकडे जर्मनी, काठानं थोडं वर गेलं की फ्रान्स. आम्हाला कुणी अडवलं नाही. पुढे 2024 च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली, हेही सांगायला हवं. सीमा पुसल्या तरी पुन्हा आखता येतात.

नदीकाठच्या बाकावर मी डबा उघडला आणि नातवापुढे धरला. म्हटलं, "खा रे झिला." त्याला तो शब्द नवा होता. 'झिल' म्हणजे मुलगा, हे मी त्याला सांगितलं आणि त्याचा जर्मन शब्द विचारला. माझा उच्चार ऐकून तो इतका हसला, की लाडू सांडला.

आता दर रविवारी आम्ही मोबाईलवर बोलतो. मी मराठीत, मधूनच मालवणीत. तो त्याला सुचेल त्या भाषेत. एक शब्द मी देतो, एक तो देतो. अजूनही त्याची बरीचशी उत्तरं जर्मनमध्येच येतात. पण परवा फोन ठेवायच्या घाईत होतो, तेव्हा त्यानं विचारलं, "आजोबा, खंय चल्लास?"

मी कुठंच गेलो नाही. तासभर बोलत बसलो.