जुळ्यांचा वाढदिवस, परदेशातला

(स्त्री संघटनांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



‘परदेशातलं कुटुंब’ या विषयावर मला बोलायला सांगितलंय. एवढा मोठा विषय मला पेलणार नाही, म्हणून त्यातला एकच दिवस घेते. जुळ्या मुलांचा वाढदिवस. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमची मुलगी आणि मुलगा, दोघं या हिवाळ्यात पाच वर्षांची झाली.

ती झाली तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींचं एकच वाक्य होतं, ‘एका दमात दोन्ही झालं, सुटलीस बाई!’ सुटले कशातून? मुलगा होईपर्यंतच्या बाळंतपणांतून. गर्भलिंगचाचणीविरुद्ध महाराष्ट्रात १९८८ साली कायदा झाला, देशात १९९४ साली. त्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या काही जणी इथे बसल्याही असतील. पण सुटकेचा हा आनंद अजून पेढ्यांबरोबर वाटला जातो. मुलगी चार मिनिटांनी मोठी आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

हिवाळ्यात तिथलं घड्याळ इथल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. त्यामुळे आमची सकाळ आणि तुमची रात्र गाठून, मोबाईलवर सगळ्यांच्या साक्षीने औक्षण होतं. मी तबक उचललं की पलीकडून आवाज येतो, ‘आधी त्याला ओवाळ गं.’ दरवर्षी मी म्हणते, मोठी ती आहे. यंदा तबक नवऱ्याच्या हातात दिलं. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी सगळं तेच, ओवाळणारा फक्त बाबा. पलीकडे क्षणभर कुणी बोलेना. मग आजेसासूबाईच म्हणाल्या, ‘निरांजन सरळ धर रे, तेल सांडेल.’ सुरुवातीला मुलगी की मुलगा, हा प्रश्न त्या गडबडीत विसरला गेला, आणि मुलगी आधी ओवाळून झाली.

आता कामाचं बोलू. इथे वाढदिवस म्हटलं की आत्या, मावशी, शेजारीण, पोळ्यांच्या बाई, भांड्यांच्या बाई, असे कितीतरी हात राबतात. सगळे बायकांचेच, आणि त्यातले निम्मे आपण मोजतही नाही. तिथे ते सगळे हात एका बाईला फुटावे लागतात. मुलं दोन वेगवेगळ्या वर्गांत, म्हणून आमंत्रणं दोन वर्गांना. शाळेत घरचा लाडू चालत नाही. घटकांची यादी छापलेलं बंद पाकीट हवं, त्यात शेंगदाणा नको. हॉलचं भाडं, केक, रिटर्न गिफ्ट, सगळं ठरवते आई आणि पैसे जातात नवऱ्याच्या कार्डातून. कारण आमच्यासारख्या पुष्कळ जणी तिथे एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरदाराची अवलंबित बायको म्हणून जातात. २०१५ पासून त्यातल्या काहींना, ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्याला पोचलंय अशांना, नोकरीची परवानगी मिळू लागली. बाकीच्या जणींच्या पदव्या बॅगेतच राहतात. माझी समाजकार्याची पदवीही काही वर्षं तिथेच होती. त्या काळात मी बायकांच्या हेल्पलाइनवर बिनपगारी काम करत होते.

पाचव्या वाढदिवसाला आणखी एक गोष्ट येते, ती कुणाच्या फोटोत दिसत नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, आणि नवा काढायला आई-वडील दोघांची संमती लागते. आम्ही दोघं गेलो, सह्या केल्या, अर्ध्या तासात घरी आलो. पण ज्या घरात मारहाण आहे, तिथे ही सही म्हणजे कुलूप आहे. मुलं तिथे जन्मल्यामुळे तिथली नागरिक. आईचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला, घटस्फोट झाला की तोही संपतो. मुलांनी आईसाठी अर्ज करायचा, तर त्यांना एकवीस वर्षांचं व्हावं लागतं. वडिलांच्या संमतीशिवाय ती मुलांना घेऊन माहेरी आली, तर तिथे तिच्यावर मुलं पळवल्याचा आरोप होऊ शकतो. मुलांच्या अशा नेण्या-आणण्याबद्दलच्या १९८० सालच्या हेग करारात भारत नाही. म्हणून तिथलं कोर्ट एक सांगतं, इथलं दुसरं, आणि मुलं मधल्या मध्ये वाढतात. करारात सामील व्हावं की नाही, हा वेगळा वाद आहे. मार खाऊन पळालेल्या आईचं काय, याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी तरी त्याच्या बाजूने बोलणार नाही.

हेल्पलाइनवर एकीने मला सांगितलं होतं, ‘वाढदिवसाचे फोटो पाठवले की माहेरचे वर्षभर निर्धास्त.’ फोटोत दोन केक, दोन टोप्या, मध्ये हसणारी आई. आई-वडिलांना वाटतं, लेक सुखात आहे.

तुमच्या केंद्रात असे आई-वडील येतात. त्यांना सांगा, तो फोन स्पीकरवर सगळ्यांसमोर करू नका. लेक एकटी असताना, ती सांगेल त्या वेळी करा. तिचा आणि मुलांचे पासपोर्ट कुणाकडे आहेत, कागदांच्या प्रती माहेरी आहेत का, तिच्या नावाचं बँकखातं आहे का, हे तिला विचारा. आपल्याच भाषेत बोलणारं कुणीतरी तिथे भेटू शकतं, हेही तिला कळू द्या. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून आहे, न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ १९८९ पासून. दोन्ही दक्षिण आशियाई बायकांनीच उभ्या केलेल्या संस्था आहेत.

पासपोर्टच्या कागदांबद्दल कुणाला नेमकं विचारायचं असेल, तर चहाच्या वेळी मला गाठा. माझ्याकडे कोरे फॉर्म आहेत, ते भरायचे कसे तेही दाखवते.